ढगातला बर्फ आणि घरातले विमान

वैशाखातल्या संध्याकाळी, मांडवात पंखे फिरत असताना आणि हाती पन्ह्याचा पेला असताना, विमानावर साचणाऱ्या बर्फाविषयी बोलावयाचे म्हणजे श्रोत्यांची थट्टा करण्यासारखे आहे, असे आमच्या एका मित्राने आम्हाला बजावले होते. परंतु थोडा विचार केला तर हा विषय आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही. आपल्या डोक्यावर, सरळ वर मोजीत गेले तर, अवघ्या पाच किलोमीटरांच्या सुमारास भर उन्हाळ्यातही पाणी गोठविणारी थंडी असते. वळवाच्या पावसात आपल्या अंगणात ज्या गारा पडतात, त्या काही हिमालयातून येत नाहीत. त्या आपल्याच गावावरच्या ढगात तयार झालेल्या असतात. पाच किलोमीटर म्हणजे आपल्याकडे शेजारच्या गावाचे अंतर. फरक इतकाच, की त्या गावाला जाणारी वाट उभी आहे.

या उभ्या वाटेवर ज्यांचे नित्याचे जाणे-येणे असते त्या विमानांना बर्फाचा जाच कसा होतो, आणि त्यावर जुन्या टर्बोप्रॉप विमानांत कोणते उपाय योजलेले असत, हा आजचा विषय आहे. तो आम्ही पुस्तके वाचून शिकलो त्याहून अधिक एका लटक्या विमानात बसून शिकलो, म्हणून प्रथम त्या लटक्या विमानाविषयी दोन शब्द.

लटके विमान

जमिनीवर बसल्या बसल्या विमान चालविण्याचा सराव देणाऱ्या यंत्राला सिम्युलेटर म्हणतात. त्याचा आद्य कर्ता एडविन लिंक हा अमेरिकेतील बिंगहॅम्टन गावचा. त्याच्या वडिलांचा व्यवसाय होता स्वयंचलित पियानो आणि ऑर्गन बनविण्याचा. आपल्या बाजाच्या पेटीला जसा भाता असतो तसे भाते ऑर्गनमध्येही असतात. लिंकने १९२९ च्या सुमारास तेच भाते एका लहानशा खोटया विमानाच्या पोटाखाली बसविले. वैमानिकाने दांडा हलविला की भात्यात हवा भरे अथवा निघून जाई, आणि पेटीसारखे ते विमान कलत, डुलत असे. आरंभी लोकांनी त्याला जत्रेतले खेळणे मानले. पुढे १९३४ साली अमेरिकन सैन्याच्या वैमानिकांवर टपाल वाहून नेण्याचे काम पडले, खराब हवेत आणि अंधारात उडण्याचा सराव नसल्यामुळे त्यांतील अनेक जण प्राणाला मुकले, आणि मग सरकारने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. खेळणे म्हणून हिणवलेल्या वस्तूची किंमत माणसे गेल्यावर कळली.

आज भात्यांची जागा संगणकाने घेतली आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १९८२ साली उड्डाणाचा प्रोग्रॅम बाजारात आणला, तेव्हापासून हे लटके विमान सामान्य माणसाच्या घरातही आले. आम्ही काही मित्र गेली कित्येक वर्षे रविवारी सकाळी एकत्र जमून अशीच जुनी विमाने चालवितो. त्यांत आमचे विशेष प्रेम व्हायकाउंटवर आहे. हे चार एंजिनांचे ब्रिटिश विमान १९४८ साली प्रथम उडाले आणि १९५३ साली नियमित प्रवासी वाहतुकीत आले. टर्बोप्रॉप जातीचे ते पहिलेच उतारू विमान. आपल्याकडे इंडियन एअरलाइन्सने १९५७ साली ते सेवेत घेतले. त्या काळी त्यातून प्रवास केलेली वडीलधारी मंडळी आजही त्याच्या अंडाकृती मोठ्या खिडक्यांची आठवण काढतात.

टर्बोप्रॉप म्हणजे काय, तेही येथेच सांगून टाकतो. यात एंजिन जेटच्याच जातीचे असते. पुढून हवा आत ओढावयाची, ती दाबावयाची, तीत इंधन जाळावयाचे आणि तापलेल्या वायूने चाक फिरवावयाचे. मात्र त्या चाकाची बहुतेक शक्ती मागे झोत सोडण्यात न दवडता पुढचा प्रोपेलर फिरविण्यात खर्च होते. व्हायकाउंटच्या रोल्स-रॉइस डार्ट एंजिनाचा मुख्य आस मिनिटाला चौदा-पंधरा हजार फेरे घेई, आणि दातेरी चाकांच्या साहाय्याने प्रोपेलरचे फेरे त्याच्या सुमारे दहाव्या हिश्श्यावर आणलेले असत.

गोठण्याची वाट पाहणारे पाणी

आता मुख्य प्रश्न. ढगात बर्फ असेल तर तो विमानाला आपटून उडून जावयाचा. तो चिकटतो कसा? याचे उत्तर असे, की चिकटतो तो बर्फ नव्हे, पाणी. शून्य अंशाला पाणी गोठते असे आपण शाळेत शिकलो. पण गोठण्याला नुसती थंडी पुरत नाही, स्फटिक जमण्यास काही आधारही लागतो. ढगातील सूक्ष्म थेंबांना असा आधार नसला तर ते शून्याखाली दहा, वीस, क्वचित चाळीस अंशांपर्यंतही पाणीच राहतात. अशा थेंबांना अतिशीत थेंब म्हणतात. गोठण्यास ते उत्सुक असतात, निमित्त तेवढे हवे असते. विमानाच्या पंखाची कड त्यांना धडकली की निमित्त मिळते आणि थेंब जागच्या जागी गोठतो. लक्षावधी थेंबांनी असे केले की कडेवर बर्फाचा खरबरीत थर चढतो.

हा थर जड असतो म्हणून घातक, अशी पुष्कळांची समजूत असते, आमचीही होती. वस्तुतः वजन हा त्याचा सर्वांत लहान अपराध होय. पंख विमानाला उचलून धरतो तो त्याच्या आकारामुळे, आणि बर्फ तो आकारच बिघडवितो. पंखावर खरकागदाइतका खरखरीत बर्फ असला तरी उचल सुमारे तीस टक्क्यांनी कमी आणि हवेचा अडथळा सुमारे चाळीस टक्क्यांनी अधिक होऊ शकतो, असे वैमानिकांना शिकविले जाते. चार जणांच्या खांद्यावर ओझे वाढले तर ते सावकाश चालतील. पण त्यांच्यातला एक जण खालीच बसला तर? बर्फाने होते ते हे दुसरे.

कुल्फीचा साचा आणि तापलेला तवा

या बर्फाशी झगडण्याचे दोन मार्ग आहेत, आणि त्यांतला भेद समजला की पुढचे सारे सोपे होते.

कुल्फीवाला साच्यातून कुल्फी काढताना काय करतो? तो सगळी कुल्फी वितळवीत नाही. साचा हातात चोळतो किंवा क्षणभर पाण्यात बुडवितो. साच्याला लागून असलेला पातळ थर तेवढा सुटतो आणि कुल्फी अखंड बाहेर येते. पहिला मार्ग हा. थोडा बर्फ साचू द्यावयाचा, मग त्याच्या बुडाशी क्षणभर ऊब द्यावयाची. बूड सुटले की वारा किंवा प्रोपेलरची फेक तो बर्फ भिरकावून देते.

दुसरा मार्ग तापलेल्या तव्याचा. तव्यावर पाणी शिंपडले की चर्र होऊन उडून जाते, तसा पृष्ठभाग सतत इतका ऊन ठेवावयाचा की थेंब तेथे टिकूच नये.

मग सगळीकडे तवाच का ठेवू नये? हिशेब पाहा. एक ग्रॅम बर्फ वितळविण्यास ८० कॅलरी उष्णता पुरते. पण एक ग्रॅम पाण्याची वाफ करावयाची तर साडेपाचशे-सहाशे कॅलरी लागतात. शिवाय कुल्फीच्या रीतीत सगळा बर्फ वितळवावा लागत नाही, थोडेसे बूड वितळले की भागते. विमानात विजेचा साठा मोजका असतो. म्हणून जेथे तुकडे उडाले तरी चालतात तेथे कुल्फीची रीत, आणि जेथे तुकडा सुटणे परवडत नाही तेथे तव्याची रीत, अशी वाटणी केलेली असते.

डार्ट एंजिनाच्या तोंडाशी या दोन्ही रीतींचा मेळ घातलेला आढळतो. हवा आत घेणाऱ्या तोंडाच्या कडेवर विजेने तापणाऱ्या पट्ट्या असतात. काही पट्ट्या अखंड तापलेल्या राहतात, आणि त्यांच्यामधील जागा आळीपाळीने तापतात. अखंड तापणाऱ्या पट्ट्यांवर बर्फ धरतच नाही. त्यामुळे मधल्या जागेवरील बर्फ शेतातल्या वाफ्यांप्रमाणे लहान लहान चौकोनांत वाटला जातो. मधली जागा तापली की लहानच तुकडे सुटतात आणि एंजिन ते गिळून पचविते. प्रोपेलरच्या पात्यांनाही अशीच आळीपाळीची ऊब दिलेली असते.

या आळीपाळीचे दोन वेग असतात, शीघ्र आणि मंद, आणि वैमानिकाला त्यांतून निवड करावी लागते. येथे आम्ही हटकून चुकत असू. थंडी जास्त तर उपायही शीघ्र, असे वाटणे साहजिक आहे. पण गोष्ट उलटी आहे. शून्याच्या जवळपासच्या ढगात पाणी पुष्कळ असते, बर्फ भराभर चढतो. तेथे शीघ्र फेरा हवा. फार थंड ढगात द्रवरूप पाणी थोडे, बर्फ सावकाश चढतो. पण तो सोडविण्यास ऊब मात्र अधिक वेळ द्यावी लागते. तेथे मंद फेरा. बर्फाची चढ पाण्यावर अवलंबून, नुसत्या थंडीवर नव्हे, हे एकदा मनात ठसले म्हणजे ही चूक होत नाही.

आमचा पराक्रम

आता आमची एक फजिती सांगतो. जानेवारीतली हवा लावून आम्ही मँचेस्टरहून ग्लासगोकडे निघालो होतो. ढगात शिरलो तेव्हा आम्हा तिघांपैकी एक जण नकाशात, दुसरा रेडिओत आणि तिसरा चहात गुंतलेला होता. काही वेळाने समोरची काच पांढरी झालेली दिसली. "अरे, बर्फ!" असे म्हणून आम्ही चारही एंजिनांचे तापविण्याचे खटके एकदम खाली ओढले आणि कर्तव्य पार पाडल्याच्या समाधानात बसलो.

अर्ध्या मिनिटात तिसऱ्या एंजिनाचा शक्तिदर्शक काटा शून्यावर आला. मग पहिल्याचा. मग चौथ्याचा. प्रोपेलरची पाती आपोआप वाऱ्याला समांतर वळून थांबली. आम्ही त्यांना पुन्हा चालू करण्यासाठी बटणे दाबीत राहिलो, तो दिव्यांचा प्रकाश मंद होत गेला, आणि थोड्याच वेळात स्कॉटलंडच्या डोंगरांत आमच्या प्रवासाची समाप्ती झाली. आम्ही त्या प्रोग्रॅमला दोष देऊन मोकळे झालो. खटका तर ओढला होता! उपायानेच अपाय कसा व्हावा?

पुढे काही महिन्यांनी एका जुन्या अपघाताच्या चौकशीची हकीकत आमच्या वाचनात आली आणि आमचे हसणे थांबले. १८ जानेवारी १९६० रोजी अमेरिकेतील कॅपिटल एअरलाइन्सचे एक व्हायकाउंट वॉशिंग्टनहून नॉरफोकला जात असता व्हर्जिनियात कोसळले. विमानातील पन्नासच्या पन्नास माणसे दगावली. चौकशी मंडळाने ठरविलेले कारण असे: बर्फाच्या हवेत असताना एंजिनांची हिमनिवारक यंत्रणा उशिरा चालू केली गेली, एंजिने बंद पडली, आणि पाती पुन्हा वळवून एंजिने पेटविण्यास जी वीज लागते ती पुरेशी उरली नाही.

आमच्या खोलीत जे घडले ते त्या रात्री खरोखर घडले होते. उशीर म्हणजे नेमके काय, हे आता पाहू. खटका वेळेवर ओढलेला असता तर तुकडे पहिल्यापासून लहान राहिले असते. उशीर केल्याने तोंडाच्या कडेवर जाड कडे जमले. मग ऊब दिली तेव्हा ते सबंध कडे सुटून एंजिनात गेले. आतली ज्योत विझली. एंजिन विझले की त्यावर चालणारे वीज-जनित्रही थांबते. आता उरली बॅटरी. पाती वळविणारा पंप विजेवर चालतो, ठिणगीही विजेवर. बॅटरी म्हणजे उन्हाळ्यातला रांजण; नळ बंद असताना त्यातून किती तांबे काढणार? म्हणून अशा प्रसंगी एकसारखी बटणे दाबण्यापेक्षा आधी खाली, उबदार हवेत उतरावे आणि मग एकेक एंजिन पेटवावे, यात शहाणपण आहे.

यातून दोन नियम निघतात. पहिला असा, की ढग, धुके किंवा पाऊस समोर असेल आणि हवा दहा अंश किंवा त्याहून थंड असेल, तर एंजिनांची ऊब ढगात शिरण्यापूर्वी चालू करावी. कोणी विचारील, की पाणी शून्याला गोठते, मग दहा अंशांपासून सावधगिरी कशाला? कारण एंजिन हवा ओढते तेव्हा तोंडाशी ती प्रसरण पावते आणि थंड होते. बाहेर शून्याच्या वर असलेली हवा आत शून्याखाली जाऊ शकते. दुसरा नियम, उशीर झालाच तर चारही खटके एकदम ओढू नयेत. ठिणगी अखंड चालू ठेवून एका एंजिनाला ऊब द्यावी, ते बर्फ गिळून स्थिर झालेले पाहावे, आणि मगच दुसऱ्याकडे वळावे. पुष्कळ विमानांच्या पुस्तकांत हीच रीत दिलेली असते. तळ्यात पाय घसरला तर एकाचा घसरावा, चौघांनी हात धरून एकदम उतरू नये.

तापमानाविषयी आणखी एक सूचना. वेगाने जाणाऱ्या विमानाच्या थर्मामीटरवर हवा आदळते आणि तापते. ताशी ४८० किलोमीटर वेगाला हा फरक आठ-नऊ अंशांचा असतो. तेव्हा पुस्तकातील आकडा बाहेरच्या खऱ्या हवेचा आहे की काट्यावर दिसणारा आहे, हे घरच्या विमानातसुद्धा आधी पाहून घ्यावे.

वैलावरची ऊब

एंजिनांचे झाले, आता पंख आणि शेपूट. व्हायकाउंटच्या पंखांना विजेने तापविणे परवडणारे नव्हते. त्यांनी युक्ती केली ती आपल्या स्वयंपाकघरातील चुलीसारखी. चुलीच्या मुख्य जाळावर भात शिजतो आणि वाया जाणारी धग शेजारच्या वैलावर आमटी ऊन ठेवते. व्हायकाउंटमध्ये एंजिनाच्या धुराड्याभोवती बाहेरची थंड हवा खेळवीत, ती तेथे तापे आणि नळ्यांतून पंखांच्या व शेपटीच्या कडांत फिरे. फुकट जाणारी धग कामी आली. व्यवस्था सुरेख खरी. पण वैलाचा गुणधर्म तिला चुकला नाही. जाळ ओढून घेतला की वैल निवतो.

विमान खाली उतरताना वैमानिक एंजिनांची शक्ती कमी करतो. म्हणजे ढगांतून उतरत असतानाच, जेव्हा उबेची गरज असते नेमका तेव्हा, जाळ मंद होतो. १५ जानेवारी १९७७ रोजी स्वीडनमध्ये एक व्हायकाउंट स्टॉकहोमच्या ब्रोमा विमानतळावर उतरण्याच्या बेतात असता कोसळले आणि बावीस माणसे मृत्युमुखी पडली. चौकशीत आढळले, की आतल्या बाजूची दोन एंजिने बराच वेळ कमी शक्तीवर चालविलेली होती. ऊब अपुरी पडली, शेपटीच्या आडव्या पंखावर बर्फ साचला, आणि फ्लॅप पूर्ण उघडताच शेपटीने काम सोडले. त्यापूर्वी ६ एप्रिल १९५८ रोजी अमेरिकेत मिशिगन राज्यातील फ्रीलंड येथे कॅपिटल एअरलाइन्सचेच एक व्हायकाउंट उतरताना पडून सत्तेचाळीस माणसे गेली होती. तेथेही शेपटीवरील, कोणाच्या नजरेस न आलेला बर्फ हेच कारण पुढे आले.

शेपटीचा हा प्रकार नीट समजून घेतला पाहिजे. पंख विमानाला वर उचलतो, तर शेपटीचा आडवा पंख बहुधा खाली दाबतो. तराजूच्या दुसऱ्या पारड्यातील वजनाप्रमाणे तो नाकाला तोलून धरतो. उतरताना फ्लॅप उघडले की पंखामागची हवा अधिक खाली वळते आणि शेपटीवर तिरकस आदळते. शेपूट स्वच्छ असेल तर ती हे सोसते. तिच्या कडेवर बर्फ असेल तर हवा तिच्या अंगावरून सुटते, दुसरे पारडे एकाएकी रिकामे होते आणि नाक खाली कोसळते. शेपटीची कड पंखापेक्षा बारीक असते, म्हणून तिच्यावर बर्फ तुलनेने लवकर धरतो. आणि वैमानिकाच्या खुर्चीवरून ती दिसत नाही.

यातील अवघड भाग असा, की पंखाने हात टेकले तर दांडा पुढे लोटून वेग वाढवावयाचा असतो; शेपटीने टेकले तर उलट दांडा मागे ओढून फ्लॅप मिटवावे लागतात. एका दुखण्याचे औषध दुसऱ्याला विष. १९९० च्या दशकात नासा या संस्थेने ट्विन ऑटर विमानाच्या शेपटीवर कृत्रिम बर्फाचे आकार बसवून या दोन दुखण्यांची लक्षणे वेगळी कशी ओळखावी याचा अभ्यास केला. फ्लॅप उघडल्याबरोबर त्रास सुरू झाला आणि दांडा हलका पडून आपोआप पुढे ओढला जाऊ लागला, तर शेपटीचा संशय घ्यावा आणि फ्लॅप पूर्वीच्या जागी आणावे, हे त्यातले मुख्य सूत्र.

रबरी भाते

सर्वच टर्बोप्रॉप विमानांत वैलाची व्यवस्था नव्हती. इंडियन एअरलाइन्सने १९६१ साली घेतलेले फॉकर फ्रेंडशिप, किंवा कानपूरला बांधले गेलेले ॲव्रो ७४८, यांच्या पंखांच्या कडांवर रबरी पट्टे असत. पट्ट्यांत हवा भरली की ते फुगत, वरचा बर्फ तडकून उडे. हवा काढली की पुन्हा पंखाला चिकटून बसत. लिंकने विमानाच्या पोटाखाली बसविलेले भाते येथे पंखावर भेटतात!

या पट्ट्यांविषयी जुन्या पुस्तकांत एक ठाम सल्ला आढळतो: बर्फ पाव ते अर्धा इंच जाड होईपर्यंत थांबा, घाई केलीत तर मऊ बर्फ पट्ट्याबरोबर फुगून वर कमान धरील आणि पट्टा आत पोकळीत नुसता हलत राहील. कित्येक पिढ्यांनी हा सल्ला मानला. ९ जानेवारी १९९७ रोजी मिशिगनमध्ये मन्रो गावाजवळ एम्ब्राएर जातीचे एक टर्बोप्रॉप विमान पंखांवर पातळ खरबरीत बर्फ असताना वेग कमी होऊन पडले. एकोणतीस माणसे गेली. पट्टे चालू केलेले नव्हते असे चौकशीचे मत पडले. त्यानंतर या कमानीच्या भीतीची छाननी झाली, आणि आधुनिक, झपाट्याने फुगणाऱ्या पट्ट्यांच्या बाबतीत तिला आधार सापडला नाही. बर्फ दिसताच पट्टे चालू करावेत, हा आजचा सल्ला. म्हणून जुने विमान चालविताना जुने पुस्तक जरूर उघडावे, पण त्यातील कोणते पान काळाने फाडले आहे हेही ठाऊक असावे.

आणि आपल्यासारख्या उष्ण देशांना विशेष लागू अशी एक गोष्ट. १९५६ साली ब्रिस्टल ब्रिटानिया हे मोठे टर्बोप्रॉप विमान सेवेत येण्याच्या तयारीत असता, उष्ण कटिबंधातल्या उंच ढगांत त्याची एंजिने विझू लागली. तेथे पाण्याचे थेंब नव्हते, कोरडे हिमकण होते; ते पंखाला चिकटत नाहीत, म्हणून निरुपद्रवी समजले जात. परंतु या एंजिनात हवा एकदा मागे जाऊन पुन्हा उलटी वळत असे. त्या वळणावर हिमकणांचा चिखल साचे आणि गोळ्यागोळ्याने आत जाई. अखेर आत सदैव तापून राहणारे प्लग बसविले, की विझलेली ज्योत आपोआप पेटावी. आणि फेब्रुवारी १९५७ मध्ये विमान सेवेत आले. बर्फाचे संकट थंड देशांपुरते आहे, ही समजूत त्या वळणावर निकालात निघाली.

लटके विमान काय शिकवीत नाही

आता आमच्या आवडत्या यंत्राविषयी थोडे कटू बोलणे भाग आहे. घरच्या पुष्कळ प्रोग्रॅमांत बर्फ म्हणजे वाढत जाणारे वजन आणि अडथळा, एवढीच कल्पना घेतलेली असते. त्यात विमान सावकाश जड होते, सावकाश मंदावते, खटका ओढला की पुन्हा हलके होते. शेपटीचे एकाएकी हात टेकणे त्यात बहुधा नसते. जो एवढ्यावरच शिकेल त्याची समजूत होईल, की बर्फ हा सभ्य शत्रू आहे, दार वाजवून येतो. व्यावसायिक सिम्युलेटरांतही हा दोष काही अंशी होता. अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनने २०१६ साली नियम सुधारून, मोठ्या सिम्युलेटरांत बर्फाचा परिणाम केवळ वजन म्हणून न दाखविता पंखाच्या बिघडलेल्या आकाराचा परिणाम म्हणून दाखवावा, असे बंधन घातले आणि २०१९ पर्यंत मुदत दिली.

म्हणून आम्ही आमच्यापुरती एक शिस्त लावून घेतली आहे. प्रोग्रॅम शिक्षा करो वा न करो, खऱ्या विमानात जे करावे लागले असते ते करावयाचे. वेगदर्शक नळीची ऊब निघण्यापूर्वीच चालू. प्रोपेलर फिरत नसताना त्याची ऊब चालू ठेवावयाची नाही, कारण वारा नसला की तापणाऱ्या पट्ट्या स्वतःच जळतात. ढगापूर्वी एंजिनांची ऊब, मग जनित्रांच्या काट्यांवर नजर, मग पाण्याच्या मानाने शीघ्र की मंद याची निवड. पंखांची आणि शेपटीची गरम हवाही ढगापूर्वीच सोडावयाची, आणि कडांचे तापमान दाखविणारा काटा मधून मधून पाहावयाचा. उतरताना शक्ती फार खाली आणावयाची नाही. वाटल्यास लवकर उतरणीस लागून थोडा जाळ राखावयाचा. बर्फाचा संशय असेल तर फ्लॅप बेताने आणि टप्प्याटप्प्याने उघडावयाचे आणि उतरण्याचा वेग थोडा वाढवावयाचा. स्वयंचालक मधून मधून सोडून दांडा स्वतःच्या हाती घ्यावयाचा. कारण तो इमानी नोकर मालकाला न सांगता बर्फाचा भार एकटाच सोशीत राहतो, आणि सोसवेनासे झाले म्हणजे एकाएकी सगळे आपल्या अंगावर टाकतो.

"हे सगळे कशासाठी? तुमचे विमान तर टेबलावर आहे," असे आमच्या घरची मंडळी विचारतात. प्रश्न रास्त आहे. आमच्यापैकी कोणी खरे विमान चालविणार नाही. परंतु त्या तीन हकीकती वाचल्यावर ज्या रविवारी आम्ही पुन्हा मँचेस्टरहून निघालो, त्या दिवशी चहा ढगाच्या अलीकडेच संपविला होता. आकाश अजून निळे होते, बर्फाचा पत्ता नव्हता, आणि खटके ओढताना आपण उगीचच घाबरट ठरत आहोत असे वाटत होते. ते वाटणे आम्ही ओळखून ठेवले आहे. आपल्याकडे वैशाखात, डोक्यावर ढग नसताना, कौलांवर चढून घर शाकारतात. तेव्हाही शाकारणारा थोडा वेडाच दिसतो. पहिल्या पावसाच्या रात्री मात्र शाकारायला कोणी वर चढू शकत नाही.